वानगी

हळदीचा हात धुतला तरी पिवळाच राहतो.
तीनदा साबण लावला.
राजमतीनं बजावलं होतं, हात तेवढे स्वच्छ हवेत.
म्हटलं, बाई, पंधरा वर्षं निवडणीवर बसते यार्डात,
हा रंग आता माझाच.
ती म्हणाली, रंगाचं काही नाही.

न्हाणीला कडी नाही, दोरी आहे.
ती खिळ्याला गुंडाळली,
बादली उपडी घातली, तिच्यावर एक पाय.
हातात उदबत्तीएवढी काडी, टोकाला मऊ कुंचला,
बाहुलीची केरसुणी असावी तशी.

यार्डात व्यापारी परखी खुपसतो पोत्यात,
कुठल्याही पोत्यात, न विचारता.
हळकुंड मोडतो, हुंगतो, भाव बोलतो.
माझ्यातही असेच हात गेले:
सुईण, दोन डॉक्टर,
मान वळवून एक शिकाऊ पोरगं,
आणि घरचा माणूस, अंधारात, तोही न बघता.
सगळ्यांना वाट ठाऊक.
मीच तेवढी उंबऱ्याबाहेर.

नणंद आठवली, सुगंधा.
पाळी गेल्यावर परत लाल दिसायला लागलं
तर लाजायची,
म्हणायची, म्हातारपणी काय गं हे तरुणपण.
दोन वर्षं लुगड्याच्या चिंध्या लपवल्या
पत्र्याच्या ट्रंकेमागं.
मिरजेला नेली तेव्हा
डॉक्टर नुसतेच कागद उलटत बसले.

आमच्या हरिपुरात पेव उघडलं
की आधी कंदील सोडायचे खाली.
वात विझली तर कुणी उतरायचं नाही,
थांबायचे, कोंडलेली हवा जाऊ द्यायचे.
हळदीसाठी एवढं.
सुगंधात कुणी कंदील सोडला नाही.

बाहेरून सासूबाई: किती वेळ गं?
केस धुतेय, म्हटलं.

आत जरा अडलं. दुखलं नाही,
गालाला आतून जीभ लागावी तसं काहीसं.
पाच वेळा फिरवायचं होतं.
मापाडी मोजतो तसं मोजलं:
लाभ,
दोन,
तीन,
चार,
पाच.
पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत आमच्याकडं.

काडी नळीत. खुणेपाशी कट्कन मोडली. झाकण.
नाव लिहायला बोटभर जागा.
नुसतं आक्काताई चालेल का,
विचारायला राजमती नव्हती.
पूर्ण लिहिलं, कागद संपला तिथं आडनाव वळवून,
आणि कान्यावर पिवळं बोट उमटलंच.

राजमतीच्या डब्याच्या पिशवीत एकतीस नळ्या.
जैबुनची. वरच्या आळीतल्या चौगुलेबाईंची.
नळावरच्या भांडणापासून सहा वर्षं
जिच्याशी मी बोलत नाही
त्या शेवंताचीही.
सगळ्या उभ्या, एकमेकींना टेकून.
स्कूटी विश्रामबागच्या सिग्नलला थांबली असेल तेव्हा
आम्ही सगळ्याच थांबलो असू.

महिन्यानं निरोप आले.
बहुतेकींना: काही नाही, पाच वर्षांनी परत.
एकीला: या, बघायचं आहे.
राजमती म्हणाली, बघायचं म्हणजे झालंच असं नव्हे.
विषाणू असतो, पुष्कळदा आपला आपण जातो,
नाही गेला तर आत्ताच धरता येतो,
म्हणून तर ही काडी.
कुणाला, ते तिनं यार्डात सांगितलं नाही.

गुरुवारी निवडणीवर दोन जागा मोकळ्या.
मुकादमानं विचारलं, कुठं गेल्या?
जैबुन म्हणाली, लग्नाला.
त्यानं दोघींचा दिवस कापला.

मिरजेच्या गाडीत आमच्या बाकाला खिडकी एकच.
शेवंता म्हणाली, तू बस तिकडं.
सहा वर्षांतलं पहिलं वाक्य.
नको, म्हटलं, तू बस.
ती दांड्याला धरून, मी दांड्याला धरून,
विश्रामबाग गेलं तरी
ती जागा रिकामीच.