मंडळातला ळ

लक्ष्मीपुरीत आमच्या दुकानावर धाड पडली
बुधवारी, अकराच्या सुमाराला.
एक वकील, पुण्याहून आलेला टायवाला तंत्रज्ञ,
आणि हवालदार कांबळे, ज्यांच्या नातीच्या बारशाचा फ्लेक्स
मीच केला होता मागल्या महिन्यात.
पैसे अजून यायचेत.

तंत्रज्ञानं तिन्ही कॉम्प्युटर उघडले.
रियाज मुल्लाणी बघत राहिला, हातात चहाचा पेला तसाच.
डिझाइनचं सॉफ्टवेअर: क्रॅक.
फोटोचं: क्रॅक.
रंग जुळवायचं: तेही.
“विकत का घेत नाही?”
विकत मिळतच नाही आता, म्हटलं, भाड्यानं मिळतं.
दरमहा, डॉलरच्या भावानं.
दुसरं एक होतं, स्वस्तातलं,
ते यांनीच गिळलं आणि बंद केलं.
परदेशातलं कुठलंसं कोर्ट अजून विचारतंय
याला मक्तेदारी म्हणायचं का.
आम्ही काय म्हणतो ते विचारायला
इकडं कुणी आलं नव्हतं आजवर.

मग पंचनामा.
शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं टाइप करून दिला.
“सदर ठिकाणी बेकायदेशीर प्रती आढळून आल्या.”
त्या ‘आढळून’मधला ळ दिसला
आणि सही करायची राहून गेली.

उजवं पोट लहान, जरा आत दबलेलं.
असा ळ एकाच माणसाचा.
बळवंत पेंटर, आडूरकर. आमचे आण्णा.
तालमीत तर्जनी मोडली एकाहत्तर साली,
तेव्हापासून ब्रश त्या वळणावर अडायचा.
ते म्हणायचे, अडू दे, ओळख राहते.

त्यांच्या पाट्यांचे फोटो काढून
कुणीतरी अक्षरं सोलली, फाँट केला,
आणि तो पेनड्राइव्हवरून पसरला
गंगावेशीपासून गडहिंग्लजपर्यंत.
नळदुरुस्ती. गूळ. तरुण मंडळ.
‘काळजावर राज्य करणारा आमचा दादा.’
आण्णा गेले तेव्हा चौकात मंडळानं फ्लेक्स लावला,
‘काळाच्या पडद्याआड’,
त्यांच्याच अक्षरात.
कुणाच्या लक्षात आलं नाही.
माझ्या आलं, आणि मी गप्प बसले,
कारण तो फाँट माझ्याकडंही आहे
आणि त्याचे मी चौरस फुटावर पैसे घेते.

चहाखालच्या पेपरात आलं होतं,
फोनच्या कोपऱ्याच्या गोलाईवरून
दोन कंपन्या भांडतायत, पेटंट कुणाचं.
आण्णा पाटीचे कोपरे स्टीलच्या वाटीनं गोल करायचे.
वाटीवर आत्याचं नाव होतं.
मालकी म्हणाल तर तेवढीच.

“काय झालं?” वकील.
म्हटलं, हा ळ पण चोरीचा आहे, लिहून घ्या.
त्यांनी कागद वर धरला, खाली ठेवला.
“अक्षराचं कुठं काय असतं, मॅडम.”
कांबळे म्हणाले, “लिहा की साहेब, एक ओळ.”
लिहिली नाही.

कॉम्प्युटर गेले, माउस गेले,
टेबलावर धुळीचे तीन चौकोन उरले.
जिना उतरता उतरता कांबळे परत वर आले.
“मंडळाचा बोर्ड रविवारी लागतोय. कसं करणार?”

माळ्यावर पत्र्याच्या डब्यात ब्रश होते,
केस ताठ झालेले.
रॉकेलमध्ये भिजत घातलेत.
कालपासून जुन्या फ्लेक्सच्या पाठीवर गिरवतेय.
बाकी सगळं येतं.
ळ येत नाही.
दोन्ही पोटं सारखीच होतात.