मधलं अक्षर

बांध कुणाचा, एवढंच मोजायला गेलो होतो
हलशीच्या खाली, भाताच्या वाफ्यांत.
साखळी धरायला भुजबली. छत्री धरायला कुणी नाही.
नेमाण्णा मगदूम इकडे, त्याचा चुलतभाऊ तिकडे,
मधे कमरेएवढा कलता दगड,
आणि चिखल खरवडला तर त्याला अक्षरं.

नंदगडच्या शाळेतले कित्तूर मास्तर आले,
ओल्या फडक्यानं पुसत, बोटानं वाचत गेले.
वारिनंदी नावाचा मुनी.
तर्क शिकवला. अन्न सोडलं. इथे बसला.
शेवटी शिष्यानं विचारलं, आता तुम्ही आहात का?
उत्तर तीन अक्षरांचं:
स्या, मग खड्डा, मग स्ति.

"मधे द असेल तर आहे," मास्तर म्हणाले,
"न्ना असेल तर नाही.
आणि दोन्हीच्या आधी 'एका परीनं' धरायचं."
नेमाण्णा म्हणाला, "म्हंजे दगड कुणाचा?"

दगडावर एवढंच. पुढचं माझं,
नंतर खानापूरच्या गाडीची वाट बघत रचलेलं.

चैत्रात, मलप्रभेच्या कोरड्या पात्रात
तो पोराला उभं करतो. नदी आहे?
पोर म्हणतं, नाही. तळवे भाजतायत.
उकर, म्हणतो. पोर उकरतं
कोपरापर्यंत, आणि बोटं गार होतात.
आता सांग.
पोर बोलत नाही, हातही काढत नाही,
काढला की उत्तर बदलेल असं त्याला वाटतं.
मुनी बराच वेळ त्याला तसंच राहू देतो.

मग भात सुटला. ताक सुटलं.
कोमट पाणी ओंजळीतून कमी कमी.
ते पोर, आता स्वतःच पिकलेलं,
ओठांपाशी कान नेतं.
ऐकलं ते त्यानं पाथरवटाला नीट सांगितलं असणार.
पाथरवटानं खोलही कोरलं असणार.

"आमचा अज्जा इळा पाजळायचा की ह्याच्यावर,"
नेमाण्णा सांगत होता, "दर सुगीला. त्येचा बा बी."
म्हणजे ते अक्षर पात्यावर चढून गेलं,
बुडख्यांना लागलं, पेंढ्यांत बांधलं गेलं,
कुणाच्या तरी ताटात आलं.

पंचनाम्यात रकाना होता, हद्दीची खूण:
इदे, इल्ला. एकावर फुली मारायची.
मी मारली. नोकरी आहे.
पण त्याआधी अंगठा त्या खड्ड्यात गेला,
बरोबर मावला. गुळगुळीत, अजून ओला.

"काय बघुलालाव साहेब?" भुजबली म्हणाला.
साखळी गुंडाळून त्यानं
खांद्यावर टाकलीसुद्धा होती.