तिसरं पाणी

पहाटे सीबीएसला गुहागर गाडीतून
थर्माकोलचा डबा उतरवला, रमाकांतदादाने पाठवलेला.
झाकण उघडताच नवरा म्हणाला,
अगं, हे शेवाळ तर आपण टाकीतून घासून काढतो!

तीन पाण्यांनी धुतलं.
दुसऱ्यात निघाली एक शिंपली, नखाएवढी.
खिडकीत ठेवली.

कांदा, मिरची, दाण्याचं कूट.
लिंबू नव्हतं घरात,
मखमलाबादहून आलेली कच्ची द्राक्षंच चुरडली वरून.
मीठ नको. ते तिथूनच आलेलं.

कुरकुरलं दाताखाली,
थोडी वाळूही.
नवऱ्याने ताट पुन्हा पुढे केलं,
बोलला काही नाही.

तिसरं पाणी मोरीत ओतताना थबकले:
हे गोदेला मिळणार,
आणि गोदा तर जाते
माझ्या समुद्राकडे पाठ करून.