किशोर गट

वय बावन्न, आणि बँकेच्या फॉर्मवर
माझ्या नावापुढे लिहिलं : किशोर.
काउंटरवरची मुलगी हसली, मीही हसले.
तीन वर्षांपूर्वी मी शिशु होते,
पन्नास हजारांची,
फेडत फेडत एवढी झाले.
यापुढे तरुण गट असतो म्हणाली.
म्हटलं, बघू गुडघे काय म्हणतात.

दुकान सातपूरला, अशोकनगरात, दहा बाय बारा.
पाटीवर सप्तशृंगी किराणा.
त्यातला 'शृं' रंगाऱ्याने दोनदा चुकवला,
तिसऱ्यांदा जमला तेव्हा
आम्ही दोघांनी चहा घेतला.

आधार, पॅन, उद्यमचा कागद,
फ्रीझरचं कोटेशन, सहा महिन्यांचं स्टेटमेंट.
साहेब दरभंग्याचे, मराठी अजून कोरं करकरीत.
"तारण नको, प्रमिलाजी. हमी सरकारची."

हमी.
हा शब्द मी सिटीबसमध्ये घोळवत आणला.
माझ्यामागे सरकार उभं,
आणि पगारेंच्या सुनेमागे, ती तेल नेते तेव्हा,
कोण उभं असतं?
"लिहून ठेवा, मावशी," एवढंच म्हणते.
मी लिहिते.
त्याला फॉर्म नाही, फोटो नाही, तिरकी सही नाही.

उलाढाल विचारली तेव्हा वही पुढे केली.
"उधारी वसूल होते?"
होते.
"सगळी?"
निमसेबाई वारल्या, त्यांचे एकशे चाळीस राहिले.
ते पान दुमडून ठेवलंय.
साहेबांनी दुमडलेलं पान उलगडलं नाही.

मंगळवारी ते दुकान बघायला येणार,
म्हणून सोमवारी रात्री मी
सगळ्या फळ्यांवरचे पुडे पुढे ओढले.
साबण, चहापत्ती, शेवया, अगरबत्ती,
पुढची रांग एकसंध, परेडला उभी,
आणि मागे
हात कोपरापर्यंत जाईल इतका अंधार.

साहेब आले. वजनकाटा बघितला.
फोटो काढले, मला काट्याशेजारी उभं करून.
मग सहज हात लांबवून
चहाचा एक पुडा उचलला,
आणि फळीची भिंत दिसली.

बाहेर कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं, लागत नव्हती.

त्यांनी पुडा परत ठेवला.
नुसता ठेवला नाही,
नावाची बाजू बाहेर फिरवून,
शेजारच्या पुड्याला अंगठ्याने रेषेत लावून ठेवला.
बँकेत हे शिकवत नसतील.
मी काही विचारलं नाही.
जाताना पाच रुपयांचा बिस्किटपुडा घेतला,
आणि माझ्या स्पीकरच्या डबीने
साऱ्या गल्लीला सांगितलं, पाच रुपये प्राप्त झाले.

पैसे गुरुवारी आले.
रविवार कारंज्यावरून टेम्पो भरून आणला,
टेम्पोवाल्याने हमालीचे पन्नास जास्त घेतले,
मीही जास्त भांडले नाही.
फ्रीझर आता रात्रभर घुमतो,
ह्यांना झोप येत नाही म्हणतात,
कंपनी बंद पडल्यापासून नाहीतरी कुठे येत होती.

फळ्या भरल्यात. तरी शटर ओढण्याआधी
हात सवयीने मागे जातो,
आणि पुड्याला आपटतो.

हप्ता दहा तारखेला.
पगारेंच्या सुनेचा पगार बाराला.
मधल्या दोन दिवसांचं
काय करायचं, ते बघतेय.