पेट्या

टेम्पोतून उतरताना आत्माराम कुबलने कुंपणावरून विचारलंच,
"पेट्या? श्रावणात? किती डझनी?"
देवगडात पेटी म्हटली की माणूस आधी वास घेतो.

खोली अढीची.
वैशाखात तिथे पेंढ्यात हापूस, पाय ठेवायला जागा नाही,
उरलेलं वर्ष रिकामी.
भिंती चिऱ्याच्या, गिलावा नसलेल्या.
मधोमध उभं राहून मी टाळी वाजवली.
टाळी गेली, परत आली नाही.
रत्नागिरीच्या स्टुडिओत भिंतींना भोकं पाडायला
सरकारने केवढा खर्च केला होता,
इथे ती डोंगरातूनच पडून आलेली.

एकतीस वर्षं काट्याकडे बघत बसले.
काटा लाल रेघेत जाऊ द्यायचा नाही, ही नोकरी.
ऐकायचं राहून गेलं.

कोल्हापूरचा दुकानदार फोनवर म्हणाला,
"मॅडम, ॲक्टिवच घ्या. ॲम्प्लिफायर पेटीच्या पोटात,
कंपनीने मापून जुळवलेला. प्लग लावा नि ऐका.
आणि हिस? शून्य."
मी फोन खिडकीबाहेर धरला.
"हे काय येतंय, मॅडम?"
"समुद्र. आमचं शून्य इथून सुरू होतं."

पॅसिव्ह म्हणजे पेटी मुकी,
बाहेरून कुणी ताकद दिली तर बोलणार.
मग वायर आली, वायरीला उंदीर आले,
ॲम्प्लिफायर वेगळा, त्याच्या उबेला पाल.
कुठला कुणाशी नांदेल याच्या पत्रिका बघायच्या,
आणि बघणारे सगळे आपापल्या दुकानाचे भटजी.
ॲक्टिवला मात्र दोन प्लग.
अढीच्या खोलीत बोर्ड एकच, दाराशी.
आंब्याला कशाला हवी वीज, म्हणून.

इब्राहिम मुकादम आला. बंदरात लाँचींचे फिश फाइंडर उघडतो.
आठ दिवसांच्या बोलीवर आलेली ती नवी जोडी
त्याने पाठीमागून बघितली, मासळीचे कल्ले बघावेत तशी.
"खाऱ्या वाऱ्याक काय कळता, बाई,
खंयचा म्हाग नि खंयचा सवाय?
सगळो संसार एकाच होडयेत भरलास,
आणि होडी बुडाली, मगे?"
दुसऱ्या दिवशी घरची जोडी घेऊन आला,
कुवेतहून थोरल्या भावाने आणलेली,
काळं कापड एका कोपऱ्यात उसवलेलं,
सोबत वजनाला फणसाएवढा ॲम्प्लिफायर.

लावलं काय, तर माझीच टेप.
एकदा निवेदक आला नव्हता, तेव्हा मी वाचलेलं:
मच्छीमार बांधवांनी खोल समुद्रात जाऊ नये.

नव्या पेट्यांत कागद उलटलेला ऐकू आला.
पंखा ऐकू आला, जो आम्ही बंद केला असं मी लॉगबुकात लिहिलं होतं.
आणि 'जाऊ नये'च्या आधी
एक आवंढा.
इतक्या वर्षांत मला ठाऊक नव्हतं, मी घाबरले होते.

जुन्या पेट्यांत आवंढा नाही, पंखा नाही.
बाई ठाम. थोडी लांब, जशी पलीकडच्या घरात.
इब्राहिम पेंढ्यावर बसला होता, उठला.
"आमी होडयेर ह्याच आयकलेला," म्हणाला.
"बापाशीन जाळा तिथीच आवरल्यान."
मग बराच वेळ आमच्या शून्याचाच आवाज.
"खरा खंयचा?" त्याने विचारलं.
मला सांगता आलं नाही. अजून येत नाही.

आठव्या दिवशी नवी जोडी परत पाठवली.
दुकानदाराला बोर्डाचं कारण दिलं.
तो म्हणाला, एक्स्टेंशन मिळतं, मॅडम, दोनशे रुपयांत.
मी म्हटलं, हो, मिळतं.

आवंढ्याची टेप वेगळ्या डब्यात ठेवली आहे.
इब्राहिम जोडी विकायला तयार नाही,
आंबे उतरेपर्यंत ठेवा म्हणतो,
मगे तुमका खोली लागतली, माका पेटये.
तोवर बंदरावरच्या दुकानातून
साडेअकरा मीटर तार आणली,
कथिल चढवलेली, खाऱ्या हवेची.
दोन्ही टोकं सोलून ठेवली आहेत.