बिंडा

कसबा बावड्याच्या मळ्यात आमची विहीर होती,
बावीस पायऱ्या, खालच्या चार कायम पाण्यात.
मे महिन्यात दत्तूआण्णा पाठीला बिंडा बांधायचे,
वाळल्या पांगिऱ्याचा, उचलला तर भाकरीएवढ्या वजनाचा,
आणि छातीवर काथ्याची गाठ.
"पाय मार. बुडाय लागलीस तर मी हाय की हितं."
मग कठड्यावर बसून तंबाखू मळायचे.
मला वाटायचं, लक्षच नाही त्यांचं.

रोज रात्री ते बिंड्याची एक चकती कापून काढत होते
हे मला कुणीच सांगितलं नाही.
गोठ्यात धाकट्या भावाला गाडीसाठी चाकं मिळत गेली,
कुठनं, तेही मी विचारलं नाही.
तेराव्या दिवशी काठावर येऊन पाठीमागे हात नेला
तर नुसती दोरी.

आता माझी तिसरी ब. पत्र्याचं छप्पर, पंखा बंद.
नफिसा शिकलगार धड्यातल्या एका शब्दापाशी
तीन आठवडे अडली होती.
गुऱ्हाळ.
तिच्या घरामागेच आहे ते; चुलवाणाचा धूर
तिच्या दप्तराला येतो,
काहील कधी उतरायची हे ती वासावरून सांगते,
पण र आणि ह असे एकमेकांवर चढून बसले
की तिची जीभ मागे सरते.

लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याला मी खिडकी कापली,
एका वेळी एकच अक्षर दिसेल एवढी.
आधी दोघी मोठ्यानं.
मग माझे नुसते ओठ.
मग बोट, मग बोटाची सावली.
एका मंगळवारी पुठ्ठा घाईनं काढला.
ती रडली. बुधवारी आलीच नाही.
गुरुवारी मी काही न बोलता पुन्हा दिला,
खिडकी थोडी मोठी कापून.

दत्तूआण्णांनाही कधी एखादी चकती
परत जोडावीशी वाटली असेल का?
करवतीला ते जमत नाही.

आज पुठ्ठा टेबलाच्या खणात आहे.
ती 'गु'वर थांबते. माझ्याकडे बघते.
मी बाहेर बघते;
उसाची ट्रॉली वळणावर अडकलीय,
ड्रायव्हर आणि मागचा गडी एकमेकांना शिव्या देतायत.
उजवा हात मी मांडीखाली दाबून ठेवलाय.

"गु... गुर्... गुऱ्हाळ!"
आणि पुढचं वाक्यही, पूर्णविरामावरून उडी मारून.
"बाई, मी वाचलो!"
पुस्तकात असं नसतं. तिथे वाचलं म्हणायचं,
वाचलो म्हणजे जीव वाचला.
मी दुरुस्त केलं नाही.

महिनाअखेरच्या तक्त्यात एक रकाना असतो:
दिलेल्या साहाय्याचे स्वरूप.
मी तिथे लिहिलं, दोरी.
मग खोडलं.
केंद्रप्रमुख उगाच विचारत बसतील.