इथे खणू नये

बी आली ती औषधाच्या पुडीत,
पालमपूरहून, भाच्याच्या गिचमिड अक्षरात:
‘मावशी, हिला थंडी लागते.’
थंडी! सोलापुरात!
हसले, आणि पुडी फ्रीजमध्ये ठेवली
यांच्या इन्सुलिनशेजारी, सहा आठवडे.

घरामागची जागा, चौदा फूट बाय नऊ.
इथे आधी दोन माग होते. ते भंगारात गेले तेव्हा
फरशीखालून माती निघाली, काळी, तेलकट,
अजून कुदळीला सुताचे धागे लागतात.
एकदा लावलं की वर्षानुवर्षं राहील
तेवढंच मी लावलं: कर्दळ, गुलबक्षी,
निशिगंध, कोपऱ्यात जास्वंद.
नळाला पाणी चार दिवसांनी. त्यात भागेल ते जगतं.

पॉपीची बी मिरपुडीहून बारीक.
दिवाळी सरल्यावर वाळूत मिसळून पेरली,
वर माती टाकली नाही. तिला उगवायला उजेड लागतो,
हे दोनदा चुकल्यावर कळलं.

पहिल्या वर्षी नुसती पानं. खरखरीत, लवदार,
मुळ्याच्या पाल्याची लांबची बहीण.
शेजारचे रेवप्पा बिराजदार, एक्साइजमधून रिटायर,
भिंतीवरून वाकले: ‘वहिनी, ही अफू तर नव्हे?’
म्हटलं, नव्हे हो. ही नुसती बघायची.
त्यांनी चष्मा पुसला. पटलं नाही.
रोज सकाळी पानं मोजायचे, पंचनाम्यासारखी.

मार्चमध्ये पानं पिवळी पडली.
एप्रिलात जमीन, भेग, मुंगी.
‘गेली,’ रेवप्पा म्हणाले, जरा हळहळूनच.
भाचा फोनवर म्हणाला, झोपलीय, मावशी. उकरू नकोस.
मूळ गाजरासारखं खोल जातं,
हलवलेलं त्याला खपत नाही.

आता रिकाम्या जागेची राखण कशी करायची?
सासऱ्यांचा धोटा होता, शिसवी, टोकांना पितळ.
तो मातीत रोवला. यांनी डब्याच्या झाकणावर
खडूने लिहिलं: इथे खणू नये.
यांचं अक्षर देखणं. पस्तीस वर्षं जेकार्डची कार्डं पंच केली.
एक भोक चुकलं तर चादरीतला मोर लंगडतो, म्हणायचे.

पावसाळ्यात गुलबक्षी ती जागा झाकायची,
आणि मार्गशीर्षात तिच्या वाळल्या काड्यांतून
पुन्हा ती खरखरीत पानं.
अशी तीन वर्षं.

चौथ्या फेब्रुवारीत कळी.
केसाळ, मान खाली घातलेली,
शाळेत उशिरा आलेल्या पोरासारखी.
आणि त्याच आठवड्यात यांचा श्वास अडकला.
सिव्हिलमध्ये पाच दिवस. नळी नाकात,
बोट वर करून विचारायचे: उघडली?
अजून नाही, म्हणायचे मी. मला काय ठाऊक.

घरी आलो तर देठ ताठ, वर बोंड,
टोपी घालून उभं. पाकळी एकही नाही.

भिंतीवर रेवप्पा. हातात वही.
‘सोमवारी सहा चाळीसला टरफल फुटलं,’ वाचू लागले,
‘तुकडे दोन. आत कापड, चुरगळलेलं, बिनइस्त्रीचं.
सव्वाआठला पूर्ण उघडी. रंग...’
इथे अडले. दोनदा खोडलं होतं.
‘रंग लाल. कुंकवाचा नव्हे. चादरीचाही नव्हे.
बुडाशी काळे डाग, पाकळीला एक,
कोळशाचं बोट टेकवल्यागत.
दुपारी ऊन वाढलं, छत्री बांधली. छत्री माझी.
मंगळवारी संध्याकाळी पहिली पाकळी पडली.
बुधवारी बाकीच्या.’
मग खिशातून खाकी लिफाफा. आत चार पाकळ्या.
‘मुद्देमाल,’ म्हणाले. ‘ताब्यात घ्या. सही नको.’

यांनी एक उजेडासमोर धरली,
बराच वेळ. शिरा मोजत असावेत.
‘आठशे कार्डं लागतील हिला,’ म्हणाले,
‘काळ्याला धागा वेगळा.’
आणि धाप लागून पायरीवर बसले.

मार्च लागलाय. पानं पिवळी पडताहेत.
झाकणावरची खडूची अक्षरं पुसली होती,
ती ऑइलपेंटने कुणीतरी गिरवलीत, न विचारता.
खाली एक शब्द वाढवलाय,
जाड, सरकारी वळणाचा:
हुकमावरून.